कामाची चिठ्ठी

वडिलांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घिवलीच्या ताई दारात उभ्या राहिल्या. राहिलेले पैसे न्यायला आल्या असतील म्हणून आई उठली, पण हिशेब आधीच पुरा झाला होता. त्यांना हवी होती चिठ्ठी. "मी इथं चौदा महिने पेशंट सांभाळला, एवढं लिहून द्या दादा. पुढच्या घरी दाखवता येईल." मी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली, खाली मोबाइल नंबर घातला. त्यांनी कागदाची दोनदा घडी केली आणि प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाशेजारी ठेवून दिला.

तीन महिन्यांनी त्या बोईसरच्या बाजारात भेटल्या. एका रुग्णालयात मदतनीस हवी होती म्हणून गेल्या होत्या. तिथल्या माणसाने चिठ्ठी वाचली, परत दिली आणि विचारलं, सर्टिफिकेट कुठंय? ते नव्हतं. मग घरोघर आया पुरवणाऱ्या ब्युरोकडून दुसरी ड्युटी घेतली, आणि कालपरवा आलेल्या नव्या मुलीला जो रोज मिळतो तोच त्यांनाही मिळाला. माझ्या घरचे चौदा महिने आणि त्याआधीची दुसऱ्या घरांतली सहा वर्षं, यांतलं काहीच कुठल्या हिशेबात धरलं गेलं नाही.

वडिलांना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, गिळणं गेलं. रुग्णालयातून घरी सोडताना नाकातली नळी, लघवीची नळी आणि डिस्चार्ज कार्ड असं सगळं बरोबर आलं. कार्डावर औषधं लिहिलेली होती. माणूस कसा सांभाळायचा ते त्यावर नव्हतं. ते ताईंना येत होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होत नाहीत. लुळ्या हाताला धरून माणसाला कधी ओढायचं नाही, खांदा निखळतो. नळीने पेज देताना डोकं उंच हवं आणि देऊन झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं, नाहीतर पेज छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी पलंगाच्या पातळीखाली टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. पिशवीत किती उतरलं ते रोज वहीत लिहायचं. ही वही आम्ही सांगितली नव्हती, त्यांनीच पहिल्या दिवशी मागून घेतली होती.

एका दुपारी त्यांचा ऑफिसात फोन आला. सकाळपासून पिशवीत काही नाही, बाबांचं ओटीपोट टणक लागतंय, आणि ते सारखे चादर ओढताहेत. नळी तुंबली होती. डॉक्टर येऊन नळी बदलून गेले आणि संध्याकाळी बाबा शांत झोपले. ताईंच्या जागी मी असतो तर बाबा आज चिडचिड करताहेत एवढंच मला दिसलं असतं.

या कामाला आपण आयाचं काम म्हणतो, आणि शब्दाबरोबरच त्याची किंमत ठरवून टाकतो. पेशंट झोपलाय ना, मग तेवढे कपडे वाळत घाला, पोळ्या लाटा, असं घरोघर सांगितलं जातं. आमच्याही घरी पहिल्या आठवड्यात सांगितलं गेलं. ताईंनी नकार दिला नाही, पण दोन तास झाले की हातातलं काम टाकून त्या बाबांची कूस बदलायला जात. लाटणं तसंच पोळपाटावर राही. ते पाहून आईनेच त्यांना स्वयंपाकघरात बोलावणं बंद केलं.

घिवली हे तारापूर अणुवीज केंद्राच्या शेजारचं समुद्रकाठचं गाव. इथल्या किनाऱ्यावर मासळी आणायची पुरुषांनी, आणि निवडायची, सुकवायची, डोक्यावर घेऊन विकायची बायकांनी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. किनाऱ्याजवळची मासळी आटत चालल्याची तक्रार इथले मच्छीमार कित्येक वर्षं करताहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये याच किनाऱ्यावर वाढवणच्या बंदराची पायाभरणी झाली आणि काळजीत भर पडली. पाटीत मासळी नसेल तर बाईने करायचं काय? तारापूर एमआयडीसीत पॅकिंगचं काम, नाहीतर ब्युरोची ड्युटी. ड्युटी बारा तासांची किंवा चोवीस तासांची. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून विरार, वसई, बोरिवलीची घरंही आवाक्यात आली. आवाक्यात म्हणजे कसं, तर सकाळी आठच्या ड्युटीला पहाटे अंधारात घर सोडायचं, रिक्षाने बोईसर गाठायचं, आणि उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा करत विरार. बारा तास उभं राहून तोच रस्ता उलटा.

कामाला तोटा नाही, पुढेही नसेल. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक माणूस साठीच्या पुढचा होता. आमच्या भागात तर हे डोळ्यांनी दिसतं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली चालू झाल्या. त्या वर्षी विशीत नोकरीला लागलेली माणसं आज पंचाहत्तरी ओलांडून गेली. त्यांतल्या कितीजणांनी बोईसर-पालघरमध्येच घरं घेतली, मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात गेली. दोघांपैकी एक अंथरुणाला खिळलं की दुसऱ्याचं वय त्याला उचलण्याचं राहिलेलं नसतं. कारखान्यांच्या अपघातांत भाजलेले, पाठीचा कणा दुखावलेले तरुण कामगार आहेत ते वेगळेच. रुग्णालयं पेशंटला लवकर घरी पाठवतात, आणि घरी आल्यावर माणूस सांभाळण्याचा खर्च घरच्यांवरच पडतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया होते. त्यानंतर घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यात बसत नाही.

तेव्हा या कामात नोकरी मिळेल का, हा प्रश्न मला पडत नाही. दहा वर्षं हेच काम केलेल्या बाईला पहिल्या दिवसापेक्षा वरची जागा मिळेल का, याची मला काळजी आहे. आज उत्तर 'नाही' असं आहे. त्याचं कारण सांगताना सगळे बाईच्या शिक्षणाकडे बोट दाखवतात, आणि मला ते मान्य नाही.

गडचिरोलीचा अनुभव आपल्याच राज्यातला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुदोष ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचं मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि पुढे २०११ पासून देशभरातल्या आशा ताईंच्या कामात ती पद्धत शिरली. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळखही नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्य सेविका केलं होतं. सातवी-आठवीची बाई हे काम शिकू शकते का, हा प्रश्न महाराष्ट्रात केव्हाच सुटलेला आहे.

गडचिरोलीत आणखी एक गोष्ट झाली. प्रत्येक गृहभेटीची नोंद झाली, आणि ती नोंद दुसऱ्या कुणीतरी जाऊन तपासली. त्या बायकांना काय येतं हे कागदावर उमटलं म्हणून जगाला मानावं लागलं. घिवलीच्या ताईंनी भरलेली लघवीच्या मापाची वही माझ्या कपाटात पडून आहे. तिच्यावरून कुणी काही मानत नाही.

सरकारकडे कागद मुळीच नाहीत असंही नाही. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने 'होम हेल्थ एड' आणि 'जनरल ड्युटी असिस्टंट' ही दोन कामं व्यवसाय म्हणून नोंदवली आहेत, त्यांचे अभ्यासक्रम आखले आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने रुग्णसहायकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तर नेमकी ताईंसाठी आखावी अशी सोय आहे: काम करत करत शिकलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची, थोडी उजळणी करून घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं. ताईंना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, मी वडील गेल्यावर शोधाशोध केली तेव्हा कळलं. ब्युरो हे सांगेल अशी अपेक्षा कशी धरायची? बाईच्या हातात कागद आला की ती रुग्णालयात जाते किंवा थेट घराशी बोलते, आणि तिच्या रोजातून ब्युरो जी रक्कम कापून घेतो ती बुडते.

प्रमाणपत्र मिळालं तरी वाट तिथेच खुंटते, हेही सांगायला हवं. त्याच्यावरची पायरी म्हणजे एएनएम, दोन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम. त्याला बारावी लागते आणि वय पस्तिसाच्या आत लागतं. आठवी झालेली बाई तिशीत या कामात आली, दहा वर्षं पेशंट सांभाळले, तोवर तिची चाळिशी उलटते. तिची दहा वर्षं बारावीच्या एका गुणाच्याही जागी चालत नाहीत. म्हणून बारावी झालेल्या घिवली-उनभाटच्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे की, लगेच पैसे मिळतात म्हणून ड्युटीवर चिकटू नका. एएनएमला, जमलं तर तीन वर्षांच्या जीएनएमला जा. दहावी राहिलेल्या मुलींना मुक्त विद्यालय मंडळाची परीक्षा आहे, ती ड्युटी करत करतही देता येते. पण चाळिशीच्या ताईंना मी काय सांगू?

एक वाट जपानमध्ये दिसते. तिथे हेच काम परदेशी मुलींनाही देतात. भारताशी त्यांचा करार जानेवारी २०२१ चा आहे. जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा द्यावी लागते, पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मला तिथल्या पगारापेक्षा एक नियम मोलाचा वाटतो. शाळेची वाट न धरता सेवेत उतरलेली बाईसुद्धा तीन वर्षं काम आणि ठरलेलं प्रशिक्षण पुरं केल्यावर थेट राष्ट्रीय परीक्षेला बसू शकते, आणि ती उत्तीर्ण झाली की मान्यताप्राप्त सेविका होते. केलेलं काम हीच तिथे परीक्षेला बसण्याची पात्रता ठरते. आपल्याकडे हे करायला कुठलं मोठं बजेट लागणार आहे? (जपान किंवा इस्रायलच्या नावाने गावात येणाऱ्या एजंटांबद्दल एवढंच: परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला एजंट सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. जास्त मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.)

कायद्यांची स्थिती विस्कळीत आहे. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, २०२१ मध्ये केंद्राचं ई-श्रम कार्ड आलं. दोन्हींत बाई कामगार म्हणून नोंदली जाते, तिला काय येतं ते कुणी तपासून नोंदत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत आलं होतं. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि सेवेचा किमान दर्जा त्यात होता. ते मंजूर न होताच लयाला गेलं. एक कायदा मात्र आजही या बायकांच्या बाजूने उभा आहे आणि त्यांना त्याची कल्पना नसते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण मानलं आहे, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. परक्या घरात, बंद दारामागे, रात्रपाळीला एकटी असणाऱ्या बाईला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

शरीराचंही कुणी विचारत नाही. माणूस उचलून उचलून कंबर जाते. इन्सुलिनच्या सुया, रक्त, पू यांना रोज हात लागतो, आणि रुग्णालयातल्या नर्सला देतात ती हिपॅटायटिस बीची लस घरच्या बाईला कुणी देत नाही. तीन डोसांची लस आहे, सहा महिन्यांत पुरी होते. माझ्याही घरी चौदा महिन्यांत ते कुणाच्या मनात आलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

तर माझी मागणी एका वहीची आहे. पालघर जिल्हा परिषदेने या बायकांसाठी सेवेची वही काढावी. पेशंटचं नाव नको, आजार लिहावा. किती दिवस, कुठली कामं, आणि खाली घरच्यांची व उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही. उपकेंद्रांवर आता सामुदायिक आरोग्य अधिकारी असतात. त्यांच्यासमोर वर्षातून दोनदा बाईने हाताने करून दाखवावं: कूस बदलणं, नळीने भरवणं, साखर मोजणं, आणि साखर सत्तरच्या खाली गेली तर काय करायचं ते. त्यांनी तपासून शिक्का मारावा, लस तिथेच द्यावी. तीन वर्षांची वही भरली की कौशल्य योजनेची परीक्षा बोईसरलाच व्हावी, मुंबईला बोलावू नये. आणि त्या वहीला रुग्णालयातल्या मदतनिसाच्या भरतीत गुण असावेत. केरळने २००८ साली उपशामक सेवेचं धोरण केलं आणि पंचायतींच्या नर्स घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना पाहू लागल्या. आपल्या पंचायतीही हे पेलू शकतात.

ब्युरोला पर्यायही या किनाऱ्याला नवा नाही. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्था अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. एकेकट्याने मासळी दलालाच्या दारात टाकली तर दर तो ठरवतो, हे इथल्या प्रत्येक घराने भोगून शिकलेलं आहे. एकेकटी बाई ब्युरोच्या दारात उभी राहते तेव्हा दुसरं काय होतं? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९८५ पासून घरी सेवा देणाऱ्या बायकांचीच एक सहकारी कंपनी चालते. प्रशिक्षण तीच देते, पेशंट तीच मिळवते, आणि कामगार तिचे मालकही असतात. घिवली, उनभाट, दांडी, उच्छेळी, नवापूर अशा पाच गावांतल्या बायका एकत्र आल्या तर बोईसरला एक खोली आणि एक फोन एवढ्यावर संस्था उभी राहील. चाळिशीच्या ताईंची जागा तिथे आहे. नव्या मुलीला पहिले पंधरा दिवस बरोबर नेणारी, घरच्यांशी ड्युटीची कामं आधी ठरवून घेणारी, आणि रात्री अडीचला घाबरलेल्या मुलीचा फोन उचलून 'पिशवी बघ, नळीला पीळ बसलाय का बघ' असं सांगणारी. हे काम पुस्तक वाचून येत नाही, आणि त्याचा पगारही ड्युटीपेक्षा जास्तच असायला हवा.

गेल्या रविवारी मी ताईंची चिठ्ठी नव्याने लिहिली. या वेळी दोन पानं झाली. बाबांचा आजार, नळ्या कुठल्या, दिवसाचे तास, आणि चौदा महिन्यांत अंगावर एकही जखम होऊ न दिल्याची नोंद. तुंबलेल्या नळीची तारीख वहीत सापडली, तीही घातली. डॉक्टरांकडे नेली, त्यांनी वाचून खाली सही केली आणि आपला नोंदणी क्रमांक लिहिला. येत्या ग्रामसभेत सेवेच्या वहीचा ठराव मांडायला ताई आणि त्यांच्याबरोबरच्या बायका जाणार आहेत. चिठ्ठीची झेरॉक्स त्या नमुना म्हणून जोडणार आहेत.